पैसे आधी, गाणी नंतर

मॅरिलियन या इंग्लिश बँडवरून आमच्या घरात दोन तट आहेत. श्रीकांतमामा विमा कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झालेला. त्याच्या लेखी हा बँड १९८८ साली संपला. त्याची भाची गौरी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असते. तिच्या लेखी तो १९८९ साली सुरू झाला. मधल्या काही महिन्यांत बँड होता की नव्हता, यावर दोघांनीही अजून तोंड उघडलेलं नाही. गौरी सुट्टीवर आली की हा वाद होतोच. या खेपेला मी वही घेऊन बसलो.

ज्यांनी हे नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे तीन मिनिटांत आटोपायला नकार देणारं रॉक. वीस-वीस मिनिटांच्या रचना, मधेच बदलणारे ताल, अल्बमभर चालणारी एखादी गोष्ट. १९७०च्या दशकात यस, जेनेसिस, किंग क्रिमझन यांनी ते नावारूपाला आणलं आणि १९७६-७७च्या सुमारास पंकवाल्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. मॅरिलियन आला तो त्यानंतर, म्हणजे असलं काही वाजवणं हास्यास्पद ठरल्यावर.

मामा : आधी मूळ कागद बघू. १९७९, एल्सबरी. लंडनपासून फार लांब नसलेलं, बाजारपेठेचं गाव. टोल्कीनच्या ‘सिल्मारिलियन’वरून पोरांनी नाव घेतलं आणि पुढे कॉपीराइटचं झेंगट नको म्हणून त्याचं डोकं छाटलं. १९८१ला गायक म्हणून फिश आला. खरं नाव डेरेक डिक. स्कॉटलंडचा, आडदांड उंच, आधी जंगलात काम केलेला. तोंडाला रंग फासून मंचावर यायचा आणि शब्दांचा असा मारा करायचा की बास. १९८२ला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं करार केला.

गौरी : आणि समीक्षक म्हणाले, ही जेनेसिसची नक्कल.

मामा : म्हणेनात. लंडनच्या मार्की क्लबमध्ये गर्दी करणाऱ्यांना समीक्षकांची परवानगी लागत नव्हती. पहिल्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘ग्रेंडेल’ नावाचं सतरा मिनिटांचं गाणं! त्या काळात याला एक तर वेड लागतं किंवा छाती. तीन वर्षांत ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत ध्वनिमुद्रण, निर्माता क्रिस किमसी. अल्बमची प्रत्येक बाजू सलग, दोन गाण्यांमध्ये फट म्हणून नाही. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक. ‘केली’ हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर अडलं, तेही कशामुळे? ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर आग लागून ५६ माणसं गेली होती. त्यांच्या मदतनिधीसाठी अनेक कलाकारांनी मिळून काढलेलं गाणं वर होतं. त्याच्याखाली राहण्यात कमीपणा नाही.

गौरी : तुझ्यापर्यंत हे पोचलं कसं?

मामा : मित्राच्या भावानं दुबईहून कॅसेट आणली होती. ती नव्वदच्या कॅसेटवर उतरवून घेतली. अल्बम एक्केचाळीस मिनिटांचा, नव्वदची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. म्हणजे अख्खी गोष्ट एका बाजूत. तिकडे साहेबाला मधेच उठून रेकॉर्ड उलटावी लागायची, मला नाही.

गौरी : म्हणजे ज्या बँडचा तू स्वतःला खरा चाहता म्हणवतोस, त्याला तू आजवर एक पैसा दिलेला नाहीस.

मामा : विषय माझा नाहीये.

गौरी : विषय तोच आहे, मामा. या बँडच्या कहाणीत दुसरा विषयच नाही. पैसे कोण देतं, कधी देतं आणि त्या बदल्यात काय मागतं.

(इथं मामानं चहा मागवला. तो अडचणीत आला की चहा मागवतो.)

मामा : फिशचं पूर्ण होऊ दे. १९८७ला ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’. दारूच्या आहारी गेलेल्या, अपयशी लेखकाची गोष्ट, आणि लिहिणारा स्वतः त्या वाटेवर बराच पुढे गेलेला. दौऱ्यांमागून दौरे, मॅनेजरच्या वाट्यावरून कुरबुरी. १९८८ला तो बाहेर पडला. जे राहिले ते उत्तम वादक आहेत, ते मी कधीच नाकारलं नाही. स्टीव्ह रॉदरीची गिटार कुठेही ओळखेन. पण ज्याच्या शब्दांवर घर उभं होतं, तो गेल्यावर पाटी तीच ठेवायची, हे मला पटत नाही.

गौरी : पाटीखालची माणसं मोज की. रॉदरी, मार्क केली, पीट ट्रेवॉवस, इयन मोझली. फिश येण्याआधीपासून आजपर्यंत आहे तो रॉदरी. फिश सात वर्षं होता, त्याच्या जागी आलेला गायक स्टीव्ह हॉगर्थ १९८९पासून आहे. आणि तो फिशचं सोंग घ्यायला आला नव्हता. त्याचे आधीचे बँड चालले नव्हते. संगीत सोडून दूध टाकायचं काम धरावं असं मनात होतं, हे त्यानंच सांगितलंय. त्यानं रंग फासला नाही, विदूषकाचं चित्र मुखपृष्ठावरून उतरलं, शब्द मोकळे झाले. तू ‘ब्रेव्ह’ शेवटपर्यंत ऐकलायस का?

मामा : सुरुवात ऐकलीय.

गौरी : सुरुवात ऐकून ‘ब्रेव्ह’वर बोलणं म्हणजे... जाऊ दे. सेव्हर्न नदीवरच्या पुलावर पोलिसांना एक मुलगी सापडली. ती कोण, कुठली, काहीच सांगेना. पोलिसांनी रेडिओवरून आवाहन केलं, ओळखत असाल तर कळवा. हॉगर्थनं ते ऐकलं आणि टिपून ठेवलं. त्या एवढ्याशा बातमीवरून सत्तर मिनिटांचा अल्बम झाला. कोण होती, पुलापर्यंत कशी आली. फ्रान्समधल्या एका जुन्या गढीत मुक्काम ठोकून त्यांनी त्यावर काम केलं. १९९४ला तो आला. तोवर कंपनीचा धीर सुटला होता. पुढचा अल्बम झटपट पाहिजे, असा तगादा. तो १९९५ला दिला आणि ईएमआयनं त्यांना सोडून दिलं.

मामा : का सोडलं तेही सांग ना. १९८५ला पहिला क्रमांक. १९८९ला सातवा, ‘ब्रेव्ह’ दहावा, त्याच्या पुढचा सोळावा. कंपनी म्हणजे अन्नछत्र नव्हे. आणि कंपनीला शिव्या घालायची जी फॅशन आहे ना, तिथे विम्यातला माणूस म्हणून मला एक सांगायचंय. रेकॉर्ड कंपनी दहा बँडवर पैसे लावते. बहुतेक बुडतात, एखादा चालतो, आणि चाललेल्याच्या कमाईतून बुडालेल्यांचा खर्च निघतो. जोखीम वाटून घेणं म्हणतात याला. १९८२ साली कुणाच्याही खिजगणतीत नसलेलं हे संगीत ईएमआयनं अंगावर घेतलं. तुझे ते चाहते, ज्यांनी पुढे पैसे दिले, ते आकाशातून पडले का? ‘केली’ रेडिओवर, टीव्हीवर वाजवून घेणाऱ्या कंपनीच्या पैशातून ते तयार झाले.

गौरी : हे खरं आहे.

(एवढ्या सहज कबुलीची मामाला सवय नाही. तो थोडा गडबडला.)

गौरी : खरं आहे, आणि म्हणूनच चाहत्यांकडून पैसे घ्यायचा हा मार्ग कुठल्याही नव्या पोराला जसाच्या तसा चालत नाही. पण दुसरी बाजूही बघ. तुझ्या आवडत्या चार अल्बमची मालकी कंपनीकडेच राहिली. २०१२ला ईएमआयचे तुकडे झाले आणि पुढच्या वर्षी तो भाग पार्लोफोनबरोबर वॉर्नरकडे गेला. जोखमीची वसुली अजून चालू आहे. ईएमआय राहिली नाही, मॅरिलियन आहे.

मामा : बरं. आता तुझं ते ६०,०००चं पुराण सांग.

गौरी : पुराण नाही, नोंद आहे. १९९७. नवा अल्बम आला होता, पण मागे मोठी कंपनी नाही. अमेरिकेतले चाहते विचारत होते, कधी येताय? इंटरनेट तेव्हा बाळसं धरत होतं. चाहत्यांचं आपसात ई-मेलवरून लिहिणं चालायचं आणि कीबोर्डवाला मार्क केली ते वाचत असे. त्यानं सरळ लिहिलं, की अमेरिकेचा दौरा केला तर साधारण ६०,००० डॉलरचा खड्डा पडतो, आणि तो भरणारं कुणी नाही. त्यावर चाहत्यांपैकी एकानं म्हटलं, मग आपणच भरू. दुसऱ्यानं बँकेत खातं उघडलं. बँडचा त्या खात्याशी काडीचा संबंध नव्हता. हे जमेल यावर त्यांचा विश्वासही नव्हता. पैसे जमले, दौरा झाला. आणि लक्षात घे, पैसे देणाऱ्याला तिकीट वेगळं काढावंच लागलं. कित्येकांच्या शहरात तर दौरा जाणारही नव्हता.

मामा : हे मात्र... चांगलं आहे. पण हे एकदाचं झालं. उत्साहाच्या भरात माणसं देवळालाही कळस देतात.

गौरी : पुढचं त्याहून वेगळं आहे. २००० साली दुसऱ्या कंपनीबरोबरचा तीन अल्बमचा करार संपला. नवा करार करायचा तर पुन्हा तेच, आगाऊ रक्कम घ्या आणि गाण्यांची मालकी सोडा. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ६,००० चाहत्यांचे ई-मेल पत्ते होते. सगळ्यांना विचारलं, अजून एकही गाणं तयार नाही, पण अल्बमचे पैसे आत्ता द्याल का? उत्तरं आली, द्यायचे कुठे तेवढं सांगा. शेवटी १२,०००हून जास्त लोकांनी आगाऊ पैसे भरले. २००१ला ‘ॲनोरॅकनोफोबिया’ आला. दुकानांत पोचवायला त्यांनी कुणाला धरलं असेल? ईएमआयलाच. पण या वेळी मालकी बँडची. किकस्टार्टर सुरू झालं २००९ला, म्हणजे आठ वर्षांनी.

मी मधे पडलो. मराठी वाचकाला यात फार नवल वाटायला नको, म्हटलं. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी छापलेली सापडते. त्यांनी आगाऊ वर्गणी भरली म्हणून ग्रंथ छापला गेला. पुढेही मोठे ग्रंथ, कोश, समग्र वाङ्मयाचे संच प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घेऊनच निघाले. मॅरिलियननंही पैसे भरणाऱ्यांची नावं अल्बमसोबतच्या पुस्तिकेत छापली.

मामा : फरक आहे. कोशाची वर्गणी भरणाऱ्याला माहीत असतं की ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत शब्द मिळणार. इथं न लिहिलेल्या गाण्याचे पैसे आहेत. आणि माझा खरा आक्षेप पुढेच आहे. ज्यानं आधी पैसे दिले त्याला नाराज करायची हिंमत कलावंतात उरते का? कंपनीच्या माणसाशी भांडता येतं, तो कोट घातलेला परका. बारा हजार प्रेमळ माणसांशी कसा भांडशील? आपल्याकडे नाटकवाले प्रेक्षकाला मायबाप म्हणतात. मायबापाच्या घरात राहून बंडखोरी होत नाही.

गौरी : तू हे फार छान बोललास, पण झालंय उलटं. चाहत्यांनी पैसे दिले, चाल ठरवली नाही. कुणी मतदान घेतलं नाही की ‘केली’सारखं अजून एक पाहिजे का. ‘ॲनोरॅकनोफोबिया’त तर चक्क नाचायला लावणारे ताल आहेत. जुन्या, दाढीवाल्या प्रोगप्रेमींनी नाकं मुरडली. तरी २००४ला ‘मार्बल्स’साठी पुन्हा आगाऊ पैसे आले. कंपनी म्हणायची, आम्ही पैसे लावलेत, तेव्हा सिंगल कुठलं ते दाखवा. चाहते म्हणाले, पैसे घ्या आणि झाल्यावर कळवा. यातला मालक कोण वाटतो तुला?

मामा : सिंगलचं नाव तूच काढलंस म्हणून विचारतो. ‘मार्बल्स’मधलं ते ‘यू आर गॉन’ सातव्या क्रमांकावर गेलं. १९८७नंतर पहिल्यांदाच पहिल्या दहात. तुमच्या लोकांनी उत्सव केला. पण गेलं कसं? एकच गाणं वेगवेगळ्या आवृत्त्यांत काढलं आणि तुम्ही प्रत्येकानं सगळ्या आवृत्त्या घेतल्या. याला मी लोकप्रियता म्हणत नाही. ही मोर्चेबांधणी झाली.

गौरी : मोठ्या कंपन्याही तेव्हा हेच करत होत्या, फक्त...

मामा : करत होत्या. म्हणून मी त्यांना संत म्हटलं नाही. मुद्दा असा की त्या आठवड्यात इंग्लंडमधल्या किती अनोळखी माणसांनी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं असेल? ‘केली’ मी मागवलं नव्हतं. ते उडत उडत माझ्यापर्यंत आलं. अनोळखी माणसापर्यंत उडत जाणं, हे तुमच्या व्यवस्थेत बसत नाही. तिथे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच मिळतं.

मामाचा हा मुद्दा मला बिनतोड वाटला आणि अजूनही वाटतो. गौरीनं त्याला थेट उत्तर दिलं नाही. ती पोर्ट झेलांदवर गेली.

गौरी : मी गेले तेव्हा अनोळखीच होते. ऑफिसमधली डच मैत्रीण ओढून घेऊन गेली. दर दोन वर्षांनी हे लोक चाहत्यांचं संमेलन भरवतात. २००२ला इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या हॉलिडे कॅम्पमध्ये सुरुवात झाली, २००७पासून नेदरलँड्समध्ये पोर्ट झेलांदला असतं. तीन रात्री, तिन्ही रात्रींचा कार्यक्रम वेगळा. बऱ्याचदा एक रात्र एखादा जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत. दिवसा चाहत्यांना बँडमधल्या एकाच्या जागी उभं राहून बाकीच्यांबरोबर वाजवता येतं. कुणी दात काढणारा डॉक्टर, कुणी शाळेतला मास्तर, रॉदरीच्या जागी उभा! हात थरथरत असतात. सूर चुकला तर रॉदरीच्या चाहत्यांचाच तंबू टाळ्या वाजवतो.

मामा : बघ, तूच सांगितलंस. वाजवणारा चुकला तरी टाळ्या.

गौरी : मामा!

मामा : वय काय असतं गं सगळ्यांचं?

गौरी : (जरा थांबून) पन्नाशीच्या पुढचे जास्त. काहींची मुलंही येतात.

मामा : त्या मुलांमधली किती पुढे स्वतःच्या खिशातून पैसे भरतील?

गौरी : माहीत नाही. पण २०१६चा ‘एफ ई ए आर’ चौथ्या क्रमांकावर आला, २०२२चा ‘ॲन अवर बिफोर इट्स डार्क’ दुसऱ्या. फिश गेल्यानंतरची ही सगळ्यात वरची जागा आहे.

मामा : आता सीडी आणि रेकॉर्ड घेतंच कोण? १९८५ला दुसऱ्या क्रमांकासाठी जेवढ्या विकाव्या लागत, त्याच्या अंशानंही आज भागतं. आणि ‘एफ ई ए आर’चे पैसे ज्या प्लेजम्युझिकमार्फत गोळा केले ती २०१९ला बुडाली, किती कलावंतांचे पैसे अडकले. मधला माणूस काढून टाकायला निघालात आणि नवा मधला माणूस आणून बसवलात.

गौरी : मॅरिलियनचा अल्बम त्याआधी निघाला होता. पण बरोबर आहे, नंतर ते पुन्हा स्वतःच घ्यायला लागले. बघ ना, याच बँडनं २००८ला आपला नवा अल्बम फुकट उतरवून घेणाऱ्यांच्या जाळ्यावर स्वतःच सोडला होता, सोबत एक निरोप जोडून. म्हणजे तुझ्यासारख्यांसाठी.

मामा : फार झालं हं.

गौरी : आता तुझ्या खात्यातलं सांगते. २०२१, नोव्हेंबर. कोविडनंतरचा ब्रिटनचा दौरा ठरला. बँडमधला एक जण जरी पॉझिटिव्ह निघाला तरी सगळं रद्द, आणि त्यासाठी विमा द्यायला कुणी तयार नाही.

मामा : कोण देईल? मीही दिला नसता.

गौरी : तेव्हा चाहत्यांना विचारलं. १,५०,००० पौंड लागतील. ते तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यात राहतील. दौरा रद्द झाला तर नुकसान त्यातून भरायचं, पार पडला तर ज्याचे त्याला परत. लोकांनी भरले.

मामा पहिल्यांदाच पुढे सरकून बसला.

मामा : हप्ता किती?

गौरी : हप्ता नाहीच.

मामा : हप्ता नाही, कमिशन नाही, आणि जोखीम कुणाची, तर ज्यानं तिकीट काढलंय त्याचीच. ही भिशी झाली. भिशीसुद्धा नाही, भिशीत निदान आपला नंबर लागतो. जुन्या परस्पर विमा मंडळ्या अशाच सुरू झाल्या होत्या, ज्यांना भीती एकच त्यांनी एकत्र येऊन. फक्त त्यांना भीती घर जळण्याची होती, आणि यांना... कार्यक्रम रद्द होण्याची! (बराच वेळ हसतो.) माझ्या टेबलावर हा प्रस्ताव आला असता, तर मी लाल शाईनं परत पाठवला असता.

गौरी : आणि पैसे भरणाऱ्यांना काय म्हणाला असतास?

मामा : येडे म्हणालो असतो. पण एक सांगतो, इतक्या येड्यांचा पत्ता ज्याच्याकडे आहे, त्याला बँक कशाला पाहिजे? तुझं व्यवहाराचं सगळं मान्य. फक्त हे सगळं हॉगर्थसाठी केलंत त्याचं वाईट वाटतं. २००७ला एल्सबरीच्या चौकात फिश त्यांच्याबरोबर एकच गाणं म्हणाला, ते मी किती वेळा पाहिलं असेल! फिशनं मागितले असते तर मीही आगाऊ भरले असते.

गौरी : त्याचा २०२०चा ‘वेल्टश्मेर्झ’ त्यानं स्वतःच काढला आणि स्वतःच विकला, कंपनीशिवाय. शेवटचा म्हणून. मागवलास?

मामा : टपालखर्च फार होता गं.